जुने ते दणकट? विजेच्या सायकलीची एक तपासणी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या गोरेगावच्या इमारतीत राहणारा अकरावीतील एक विद्यार्थी संध्याकाळी आपली विजेवरची सायकल ढकलत माझ्याकडे आला. क्लासहून परतताना आरे वसाहतीच्या उतारावर सायकलीतून ‘कट्‌कट्‌’ असा आवाज येऊ लागला, म्हणून तो खाली उतरला आणि उरलेले अंतर पायी चालत आला. हे त्याने फार शहाणपणाचे केले. सीटखालची उभी नळी आणि समोरची तिरपी नळी पॅडलच्या धुरेपाशी जिथे एकत्र येतात, तिथे वेल्डिंगच्या कडेने केसासारखी बारीक चीर गेली होती. बोटाला ती लागत नव्हती. पण फडक्याने चिखल पुसून विजेरीचा झोत तिरपा टाकला, की स्पष्ट दिसत होती.

सायकल जेमतेम दोन वर्षांची. हमी मोटारीवर आणि बॅटरीवर आहे, फ्रेमवर नाही, असे सांगून दुकानदाराने हात झटकले. स्टेशनजवळ सायकलदुरुस्ती करणाऱ्या चाचांनी एका वाक्यात निदान केले, “आजकल माल कच्चा आता है.” मुलाच्या वडिलांचा प्रश्न व्यवहाराचा होता : दोनशे रुपयांत वेल्डिंग मारून घेतले तर चालेल का? मुलाचा प्रश्न वेगळा होता. “काका, तुमची विजेची सायकल २०१२ सालची आहे. ती अजून चालते. मग माझीच दोन वर्षांत कशी मोडली?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. त्यासाठी ‘कच्चा’ या शब्दाचा भौतिकशास्त्रातील अर्थ शोधावा लागेल.

आधी एक शंका

‘पूर्वीच्या वस्तू दणकट असत’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. मुंबईत एके काळी वरळीला हिंद सायकलींचा कारखाना होता. त्या काळातील एखादी काळी, वीसेक किलो वजनाची सायकल आजही एखाद्या दूधवाल्याकडे दिसते आणि आपण म्हणतो, काय माल होता! पण जी सायकल टिकली, तीच आपल्याला दिसते. तिच्याबरोबर तयार झालेल्या आणि केव्हाच भंगारात गेलेल्या सायकली मोजायला कोणीच जात नाही. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने विमानांच्या बाबतीत हीच चूक दाखवून दिली होती. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके जिथे दिसतात, तिथे नव्हे, तर जिथे दिसत नाहीत तिथे चिलखत हवे. कारण तिथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत.

माझ्या २०१२ च्या सायकलीचीही खरी हकीकत सांगायला हवी. तिच्यात शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या होत्या. त्यांचेच वजन बारा किलोच्या आसपास. त्या मी तीन वेळा बदलल्या. पहिल्याच पावसाळ्यात तिचा विद्युतनियंत्रक जळाला. नव्या सायकलीतील लिथियम-आयन बॅटरी जवळपास तेवढीच ऊर्जा तीन किलोच्या आत साठवते, आणि तिची मोटारही अधिक कार्यक्षम आहे. तेव्हा ‘जुने सगळे चांगले, नवे सगळे वाईट’ हे खरे नाही. बॅटरी आणि मोटार यांत प्रगती झाली आहे. मात्र ती ज्या सांगाड्यावर बसवली आहे आणि ज्या तारांनी जोडली आहे, तिथे पुष्कळदा काटकसर झालेली असते. ती कशी, ते पाहू या.

सायकल तीच, काम वेगळे

साधी सायकल ताशी १२ किलोमीटर वेगाने चालते असे धरू. चालक आणि सायकल मिळून वस्तुमान ९० किलोग्रॅम. वर्गात शिकवलेले ½mv² हे सूत्र वापरले, तर गतिज ऊर्जा सुमारे ५०० जूल येते. वेग ताशी २५ किलोमीटर केला, की तीच ऊर्जा सुमारे २,१७० जूल होते. वेग दुपटीने वाढला, पण ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा चौपटीहून अधिक झाली. त्याच खड्ड्याचा दणकाही आता अधिक जोराने बसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटारीची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि तसे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तर अशी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला नोंदणी लागत नाही. काही जण नियंत्रकात फेरफार करून वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंत नेतात. तेव्हा ऊर्जा ७,००० जूलच्या वर जाते. सांगाडा आणि ब्रेक मात्र तेच राहतात.

मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली मोटार आणखी एक काम करते. ती चाकाला पुढे फिरवते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार आपल्या धुरेला उलट दिशेने पिळते. हे परिबल ४० न्यूटन-मीटर असेल आणि ते धुरेच्या १० मिलिमीटर अंतरावरील दोन सपाट बाजूंनी पेलायचे असेल, तर प्रत्येक बाजूवर सुमारे ४,००० न्यूटन बल येते. म्हणजे चारशे किलो वजनाइतका रेटा, चिमट्याच्या छोट्याशा खाचेवर! पायाने चालवायच्या सायकलीतील खाचेला असे काम कधीच नव्हते. म्हणून चांगल्या सायकलीत तिथे जाड पोलादी पट्टी आणि धुरेला फिरू न देणारी वॉशर असते. स्वस्त सायकलीत कधी कधी नेहमीचीच पातळ खाच असते.

शिवाय अंतरही वाढते. रोज चार किलोमीटर याप्रमाणे वर्षात २२० दिवस शाळेला जाणारी सायकल ८८० किलोमीटर चालते. घरपोच सामान देणारा तरुण दिवसाला ६० किलोमीटर फिरत असेल, तर एवढे अंतर तो पंधरा दिवसांत कापतो.

धातूलाही थकवा येतो

कागद अडकवायची तारेची क्लिप घ्या. ती एकदा वाकवली तर तुटत नाही. पण पुन्हा पुन्हा वाकवली आणि सरळ केली, की काही फेऱ्यांत तुटते. ज्या ताणाने एकदा काहीच होत नाही, त्याच ताणाने अनेकदा झाल्यावर धातू तुटतो, यालाच धातूचा थकवा म्हणतात.

याची किंमत माणसाने मोठी मोजली आहे. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढे प्रशियातील ऑगस्ट वोलर या रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याने दाखवले, की आवर्ती ताण जसजसा कमी करावा, तसतशा धातूला सोसणाऱ्या आवर्तनांची संख्या झपाट्याने वाढते. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर तुकडा जवळपास कितीही आवर्तने सोसतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण लहान असला तरी हिशेब चालूच राहतो. म्हणून ॲल्युमिनियमचा सांगाडा वाईट असे मुळीच नाही (विमाने त्याचीच बनतात), पण त्यात अभियंत्याला आयुष्याचा विचार आधीच करून पुरेसा राखीव धातू ठेवावा लागतो.

आता कच्चेपणाचे गणित पाहू. सारख्याच व्यासाच्या पातळ नळीत वाकण्यामुळे येणारा ताण ढोबळमानाने भिंतीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. उत्पादकाने नळीची जाडी २ मिलिमीटरऐवजी १.६ मिलिमीटर केली, तर पाचवा हिस्सा धातू वाचला. ताण १.२५ पट झाला. वेल्डिंगच्या सांध्याचे आयुष्य साधारणपणे ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. १.२५ चा घन म्हणजे १.९५. याचा अर्थ, पाचवा हिस्सा धातू वाचवला आणि आयुष्य निम्मे गमावले.

गंमत अशी, की दुकानात दोन्ही सायकली सारख्याच दिसतील. दोघींवर दणकट माणूस बसला तरी काहीही होणार नाही. मजबुती आणि आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात कळते. दुसरी कळायला दोन पावसाळे जावे लागतात. म्हणूनच सायकलींच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात सांगाड्यावर नुसते वजन ठेवून भागत नाही. शहरी सायकलीच्या दोन्ही पॅडलांवर आलटून पालटून १,००० न्यूटन बल १ लाख वेळा द्यावे लागते, आणि तरीही कुठे चीर दिसता कामा नये.

छिद्रांचाही इथे संबंध येतो. रुंद पट्टीला ताणले असता तिच्यातील गोल छिद्राच्या कडेला ताण तिप्पट होतो. जुन्या विजेच्या सायकलीत बॅटरी कॅरिअरवर किंवा सीटमागे पेटीत असे. नव्या सायकलीत ती तिरप्या नळीवर किंवा नळीच्या आत बसवतात. दिसायला देखणी, पण त्यासाठी नळीला बोल्टची आणि तारांची छिद्रे पडतात. ती योग्य जागी नसली आणि तिथे जादा धातूचा आधार नसला, तर चिरेला सुरुवात करायला जागा मिळते.

सांधा आणि भट्टी

जुन्या पोलादी सायकलीत नळ्या एका खोबणीत घालून पितळेने सांधत. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद त्याहून पुष्कळ वर. त्यामुळे नळीचा धातू वितळत नसे, आणि खोबणीमुळे सांध्याचा ताण पसरून जाई.

नव्या सायकलीत बहुधा ६०६१ क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू असते. त्यात थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. ठरावीक तापमानाला तापवून, पाण्यात थंड करून आणि मग काही तास मंद भट्टीत ठेवून त्यात अतिसूक्ष्म कण तयार केले जातात. हे कणच त्याला बळ देतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या कडेचे हे कण विरघळतात किंवा फुगून मोठे होतात, आणि तिथले बळ जवळपास निम्म्यावर येते. ते परत मिळवायचे, तर वेल्डिंग झाल्यावर संपूर्ण सांगाडा पुन्हा त्याच भट्टीतून काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, इंधन लागते आणि वाकडे झालेले सांगाडे पुन्हा सरळ करावे लागतात. ही पायरी गाळली किंवा घाईने उरकली, तर रंग दिल्यावर ते कोणालाही ओळखू येत नाही.

इथेच वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. चिरेवर रस्त्यावर वेल्डिंग मारले असते, तर चीर झाकली गेली असती. पण कडेचा धातू आणखी मऊ झाला असता आणि तो पुन्हा पक्का करायला चाचांकडे भट्टी नव्हती. मी ‘नको’ म्हटले. मुलगा रोज त्या उतारावरून जाणार होता.

पाऊस आत कसा शिरतो

मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गोरेगावला खाडी आणि समुद्र जवळ, म्हणून हवेत मीठही असते. ‘पाण्यापासून सुरक्षित’ असे लिहिलेल्या नियंत्रकाच्या पेटीत तरीही पाणी का सापडते?

चालताना पेटीतील हवा तापून ५० अंश सेल्सिअस झाली, म्हणजे ३२३ केल्विन. मग सर आली आणि ती २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्विनला आली. आकारमान तेच राहिले, तर आतील दाब सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे रबरी कडे जरा जरी सैल असेल, तरी बाहेरचे पाणी ७० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाने आत ढकलले जाते. पेटी पाणी चक्क ‘पिते’. चांगला उत्पादक रबरी कडे नीट बसवतो, जोडण्या खालच्या बाजूला तोंड करून लावतो आणि हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा छोटा पडदा ठेवतो. यातील प्रत्येक गोष्ट थोडक्या खर्चाची आहे, आणि म्हणूनच गाळायला सोपी आहे.

बॅटरीच्या आतही अशीच एक जागा आहे. ३६ व्होल्टच्या बॅटरीत पुष्कळदा चाळीस लहान विद्युतघट असतात. दहांच्या मालिकेत प्रत्येकी चार समांतर. ते जोडायला निकेलची पट्टी लागते. स्वस्त पर्याय म्हणजे निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी. तिचा विद्युतरोध सुमारे दुप्पट, म्हणून तेवढ्याच प्रवाहात उष्णताही दुप्पट. आणि मुलामा खरवडला गेला, की गंज. लोहचुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेललाही चुंबक चिकटते. मात्र सुट्या पट्टीवर काचकागद घासून ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली, तर लोखंडी पट्टी तांबूस होते, निकेलची होत नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या पट्टीवर हा प्रयोग वर्गात जरूर करावा. बॅटरी मात्र विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्या सुमारास देशात अशा इतरही घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा-निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. लिथियम बॅटरीतील चूक ही केवळ गैरसोय नसते, याची ही आठवण आहे.

कच्चेपणा विकला का जातो?

वर पाहिलेल्या गोष्टींची यादी करा : नळीची जाडी, भट्टीतील तास, रबरी कडे, जोडपट्टीचा धातू. यांतील एकही दुकानात दिसत नाही. दिसतो तो रंग, काटेवजा पडदा, ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर’ हा आकडा आणि किंमत. ग्राहक जे दिसते त्यावरच तुलना करतो. मग न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करणारा उत्पादक महाग ठरतो आणि मागे पडतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच मांडले : विकणाऱ्याला गुण माहीत आणि घेणाऱ्याला माहीत नाहीत, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या कामासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रमाणपत्र उपयोगाचे असते, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. चाचणीसाठी पाठवलेला नमुना उत्तीर्ण झाला, याचा अर्थ रचना ठीक आहे. हजारावा नगही तसाच आहे की नाही, ते कारखान्यातील रोजच्या तपासणीवर ठरते.

घरी आणि वर्गात काय करावे?

विकत घेताना फ्रेमवर आणि चिमट्यावर किती वर्षांची लेखी हमी आहे, हे विचारावे. उत्पादकाला स्वतःच्या सांध्यावर विश्वास आहे की नाही, हे त्यातून बरेचसे कळते. मागच्या धुरेला फिरू न देणारी वॉशर किंवा पट्टी आहे का, आणि नियंत्रकाच्या तारांची तोंडे खाली आहेत का, हे पाहावे. महिन्यातून एकदा सायकल पुसून सर्व सांधे तिरप्या उजेडात पाहावेत. रंगावर केसासारखी रेघ दिसली किंवा नवा आवाज येऊ लागला, तर सायकल चालवू नये.

वर्गासाठी क्लिपचा प्रयोग उत्तम. एका गटाने दहा क्लिपा ९० अंशांत, दुसऱ्याने दहा क्लिपा ४५ अंशांत वाकवून सरळ करायच्या आणि तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजायच्या. सरासरीत मोठा फरक दिसेल. पण त्याबरोबर प्रत्येक गटाचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडाही फळ्यावर लिहावा. एकाच डबीतील क्लिपांतही एवढी तफावत असते, हे पाहिल्यावर एका नमुन्याच्या चाचणीने सगळे का कळत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्या मुलाच्या वडिलांनी अखेर दुसरा सांगाडा विकत घेऊन मोटार आणि बॅटरी त्यावर चढवली. खर्च दोनशे रुपयांच्या कितीतरी पट झाला. जुना सांगाडा आम्ही करवतीने कापला. चीर उघडली, तेव्हा तिच्या पृष्ठभागावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा वक्र रेषा दिसल्या. थकव्याच्या भंगाची ही ओळखीची खूण. रेषा नळीचा अर्ध्याहून अधिक घेर ओलांडून गेल्या होत्या. प्रयोगशाळेत काठिण्य मोजले, तेव्हा सांध्याजवळचा धातू दूरच्या धातूपेक्षा स्पष्टपणे मऊ निघाला. एका सायकलीवरून सगळ्या बाजाराचा निष्कर्ष काढता येणार नाही, हे मी त्या मुलाला सांगितले. त्यावर त्याने लगेच विचारले, “मग किती सायकली तपासाव्या लागतील?” तो तुकडा आता त्याच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे, आणि इमारतीतील बाकीच्या सायकलींचे सांधे पाहायला तो टॉर्च घेऊन दर महिन्याला खाली उतरतो.